तारांकित

जो शब्द कुठल्याच दगडावर, पानावर सापडत नाही,
फक्त त्याच्या लेकी सापडतात, दूरदूर दिलेल्या,
त्याच्या डोक्यावर आम्ही एक चांदणी काढतो.
म्हणजे: हा कुणी ऐकलेला नाही.
म्हणजे: हा असल्याशिवाय बाकीच्यांचं जमत नाही.

*वाक्श.
फळ्यावर लिहितो, खडू मोडतो.
जळगावात, तासिका तत्त्वावर, आठवड्याचे चार तास.
समोर सात मुलं, त्यातलं एक झोपेत.
सांगतो, इकडे त्याचा वाक् झाला, मग वाचा,
आणि आता ती उरलीय बसण्यापुरती, फुटण्यापुरती.
तिकडे इराणात वाख्श.
त्याच्याच घरात, पुढे आ लागून, आवाज,
जो फारसीबरोबर बऱ्हाणपुरात उतरला,
खानाच्या दफ्तरात बसला, मोजणीला शिवारात आला,
आणि एरंडोलच्या बाजारात भरीताची वांगी विकणाऱ्या बाईला
कुणीतरी म्हणालं, आवाज खाली कर.
चुलत भावंडं ही. एका तोंडात नांदतात
आणि ओळख दाखवत नाहीत.

हिलाल विचारतो, सर, वाचाल तर वाचाल,
दोन्ही याच्यातलेच का?
नाही रे. पुस्तकातला याचा.
जिवावरचा दुसऱ्या कुळातला, वाकडं होऊन निसटणारा.

धुळ्याच्या सिव्हिलमध्ये गळ्याची गाठ काढली
तेव्हा मी पोटात होतो, सहावा महिना.
आई वाचली. वाचा नाही.
तिचा आवाज मी ऐकलेला नाही.
पोटातल्याला ऐकू येतं म्हणतात,
म्हणजे ऐकला असेल.
ठेवला कुठे, ते आठवत नाही.
मला बोलवायला ती कडीवर वाटी वाजवायची.
दोनदा म्हणजे जेवायला. तीनदा, कुणीतरी आलंय.
एकदाच आणि जोरात, ते माझं नाव.

पण तिन्ही बहिणींकडे एक हाक आहे.
अंजनीच्या काठाला शेंगा तोडायला गेल्या की
दिवेलागणीला गावाच्या कडेवरून यायची,
नुसती हाक, अर्थ नसलेली,
आणि तिघींनाही वाटायचं, आपल्यालाच.
तापी उधन्यात, लूमच्या खडखडाटात तीस वर्षं. तिच्याकडे ती आव्वो.
केसर बऱ्हाणपुरात. हाव्हय, शेवट वर चढलेला.
साक्रीच्या मंगलाकडे नुसतं व्होय.

मी वही घेतली.
सुरतेच्या हवेत ह टिकत नाही, तो तापीचा झडला.
य दोघींकडे, म्हणजे जुना.
मंगलाची सुरुवात गळाली, ती लहान होती, वाऱ्याच्या बाजूला होती.
दुहेरी व कुठून आला, ते सुटेना.
रात्री दीड वाजता लिहिलं: हाव्व्होय.
आणि त्याच्याआधी चांदणी काढायला
हात उचलेना.
पुस्तकात चार हजार काढल्या असतील.
ही आईच्या डोक्यावरची होती.

काढली.

सकाळी तिघींना एकत्र फोन लावला
आणि म्हणून दाखवली.
पलीकडे कुकरची शिट्टी. मग काहीच नाही.
मग तापी: काहीबी काय लिखी राहिना तू?
मंगला: माय अशी कधीच हाका मारे नही.
नियम कुठे चुकला नव्हता.
तिघींच्यातूनच निघालेली, आणि तिघींनाही परकी.
केसर म्हणाली, तुना आवाज येई नही राहिना, भाऊ.
जरा गच्चीवर जा.

गेलो. टाकीशेजारी उभा राहिलो.
या वेळी वही न बघता,
गळ्याच्या खालून कुठूनतरी.

बोळात सायकल बाहेर काढणाऱ्या पोराने
वर पाहिलं.
मले बलावं का, काका?

फोन चालूच होता.
केसर काही बोलत नव्हती.